ऑक्टेनाचा आंकडा आणि मोटारसायकल

हल्लीं मधल्या सुटींत आमच्या वरच्या वर्गांतील मुलांचा एक वाद फार रंगतो. पेट्रोलपंपावर साध्या पेट्रोलाच्या शेजारीं ९५ किंवा १०० असे आंकडे मिरविणारें जें महाग पेट्रोल मिळतें, तें घातलें असतां मोटारसायकल अधिक जोरानें पळते कीं नाहीं, हा तो वाद. वाद घालणारांपैकीं बहुतेकांस गाडीचा परवाना मिळण्यास अद्यापि दोन-तीन वर्षांचा अवकाश आहे. परंतु तेवढ्यानें वादाचा जोर कमी होत नाहीं. आम्हीं हा वाद कांहीं दिवस दुरून ऐकला. पुढें पालकांशीं बोलतां बोलतां असें ध्यानांत आलें कीं, ज्यांस हें पेट्रोल पदरचे पैसे मोजून घ्यावें लागतें त्यांच्याहि मनांत याविषयीं पुष्कळ घोटाळा आहे. कोणी महाग पेट्रोलास 'ताकदीचें पेट्रोल' म्हणतात, तर कोणी दर टाकीमागें दुकानांतून आणलेली औषधाची बाटली गाडीस पाजतात. यास्तव या आंकड्याचा खरा अर्थ काय, आणि तो कोणत्या गाडीस कितपत लागू पडतो, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम इंजिनाच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. जर्मन यंत्रज्ञ निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं चार धांवांचें इंजिन सिद्ध केलें. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटारसायकली आजहि त्याच तत्त्वावर चालतात. पहिल्या धांवेंत दट्ट्या खालीं जातो आणि हवा व पेट्रोलाची वाफ यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें. दुसऱ्या धांवेंत दट्ट्या वर येऊन तें मिश्रण दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि तापलेले वायु दट्ट्यास खालीं रेटतात. चाकांस जोर मिळतो तो या तिसऱ्या धांवेंत. चौथींत जळका वायु बाहेर घालविला जातो.

आमच्या विषयाशीं संबंध येतो तो दुसऱ्या धांवेचा. मिश्रण दाबून मूळच्या आकारमानाच्या नवव्या हिश्शाइतकें केलें, तर दाबाचें प्रमाण ९ ला १ आहे असें म्हणतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत 'कॉम्प्रेशन रेशो' या नांवाखालीं हा आंकडा छापलेला असतो. हें प्रमाण जितकें मोठें, तितकें त्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें. मग यंत्रें बनविणारांनीं तें हवें तितकें कां वाढविलें नाहीं ? याचें उत्तर सायकलींत हवा भरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातांत आहे. चार-सहा दणके दिले कीं पंपाचें खालचें टोंक तापतें. वायु दाबला म्हणजे तो तापतो. फार दाबला तर फार तापतो.

आतां ठिणगी पडल्यावर ज्योत कशी पसरावी ? वाळलेल्या गवतास एका बाजूनें आग लागावी आणि ती क्रमाक्रमानें दुसऱ्या बाजूस सरकत जावी, तशी. त्यायोगें दट्ट्यावर पडणारा दाब हळूहळू चढतो व दट्ट्या सुरळीत खालीं जातो. परंतु ज्योत पुढें सरकत असतांना पलीकडच्या कोपऱ्यांतील न जळलेलें मिश्रण आणखी दाबलें जातें व आणखी तापतें. पेट्रोल दुबळें असेल तर तें ज्योतीची वाट न पाहतां आपोआप एकदम पेटतें. त्यासरशी दाबाच्या लाटा सिलिंडरांत आदळतात आणि बाहेर पत्र्याच्या डब्यांत खडे खुळखुळावे तसा आवाज येतो. यासच 'नॉकिंग' म्हणतात. आपले मिस्त्री लोकहि हाच शब्द वापरतात. क्षणभर झालें तर फारशी हानि नाहीं. पण तें चालूंच राहिलें तर इंजिन भलतेंच तापतें, आणि शेवटीं दट्ट्याच्या माथ्यास खड्डे पडून त्यास भोंकहि पडतें.

या आपोआप पेटण्यास पेट्रोल कितपत दाद देत नाहीं, हें मोजण्याचें माप म्हणजे ऑक्टेनाचा आंकडा. १९२६ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनज्ञानें त्यासाठीं दोन शुद्ध द्रव्यें निवडलीं. आयसो-ऑक्टेन सहजासहजीं नॉकिंग करीत नाहीं, म्हणून त्यास १०० गुण. हेप्टेन लगेच करतें, म्हणून त्यास शून्य. हें शुद्ध हेप्टेन त्या काळीं जेफ्री पाइन नांवाच्या वृक्षाच्या चिकापासून मिळवीत असत, हें आमच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ऐकून मौज वाटेल. ज्या पेट्रोलाचें वर्तन ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखें, त्याचा आंकडा ९१. ही परीक्षा एका ठराविक एक-सिलिंडरी इंजिनांत घेतात. त्याच्या दाबाचें प्रमाण इंजिन चालू असतांनाच कमी-अधिक करतां येतें.

येथें एक सूचना. भारतांत जो आंकडा सांगतात तो 'रिसर्च' पद्धतीचा. दुसरी 'मोटार' पद्धति अधिक कडक असून तिचा आंकडा कमी येतो, आणि अमेरिकेंतील पंपांवर या दोहोंची सरासरी लिहितात. म्हणून अमेरिकेंतील ८७ हें साधारणपणें आपल्याकडील ९१ च्या तोडीचें असतें. परदेशांतील लेख वाचून आपल्या गाडीविषयीं निर्णय करणारांनीं हा भेद विसरूं नये.

आतां वाचकांच्या लक्षांत येईल कीं, या आंकड्यांत ताकद कोठेंच मोजलेली नाहीं. दाब सोसण्याची शक्ति तेवढी मोजली आहे. याचा उत्तम पुरावा उसाच्या मळींतून निघणारें इथेनॉल. त्याचा ऑक्टेन-आंकडा सुमारें १०८, म्हणजे पेट्रोलाहून कितीतरी वर. पण एक लिटर इथेनॉल जळून जी उष्णता निघते ती एक लिटर पेट्रोलाच्या उष्णतेच्या सुमारें दोन-तृतीयांशच असते. आंकडा मोठा म्हणून जोर मोठा असा नियम असता, तर हें घडतें ना. मोठा आंकडा उपयोगी पडतो तो फक्त मोठ्या दाबाच्या यंत्रास. १९४० सालीं इंग्लंडवरील हवाई युद्धांत तिकडील लढाऊ विमानांस पूर्वींच्या ८७ ऐवजीं १०० ऑक्टेनाचें पेट्रोल मिळालें, तेव्हां त्यांच्या इंजिनांत हवा अधिक दाबून भरतां आली व जोर वाढला. पण हा जोर वाढीव दाबाचा होता. पेट्रोलानें तो दाब सोसला इतकेंच. त्याच वेळीं इंग्लंडांतील सामान्य जनतेस १९३९ पासून १९५३ पर्यंत 'पूल' नांवाचें जें एकच पेट्रोल मिळे, त्याचा आंकडा सत्तरीच्या आसपास होता. आणि कमी दाबाच्या मोटारसायकली त्यावरहि चालत होत्या.

पेट्रोलाची ही सोशिकता वाढविण्यासाठीं मनुष्यानें एकदा फार मोठी किंमत दिली आहे. अमेरिकेंत थॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनीं आयोडीन, ॲनिलीन, टेल्युरियम अशीं एकामागून एक द्रव्यें पेट्रोलांत घालून पाहिलीं. टेल्युरियमची दुर्गंधि कपड्यांतून जातां जात नसे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशापासून केलेलें एक संयुग सांपडलें. तें अत्यल्प प्रमाणांत घातलें तरी नॉकिंग थांबे, आणि तें स्वस्तहि होतें. १९२३ च्या फेब्रुवारींत तें विक्रीस आलें. नांव ठेवलें 'एथिल', ज्यांत शिशाचा उच्चारहि नव्हता. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सींतील एका कारखान्यांत तें तयार करणारे पांच कामगार शिशाच्या विषानें भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यानंतर मिजलीनें पत्रकारांसमोर त्या द्रव्यांत हात धुवून तें निर्धोक असल्याचें दाखविलें. वास्तविक आदल्याच वर्षीं त्यास स्वतःस शिशाची बाधा होऊन विश्रांति घ्यावी लागली होती ! पुढें कित्येक दशकें जगांतील प्रत्येक मोठ्या शहराच्या हवेंत तें शिसें मिसळत राहिलें, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्यानें खुंटते हें सिद्ध होऊनहि तें सुटेना. भारतांत सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल झालें तें १ फेब्रुवारी २००० पासून. आणि रस्त्यावरील गाड्यांसाठीं शिशाचें पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया यानें तें २०२१ सालीं बंद केलें. बाटलींतून मिळणाऱ्या कोणत्याहि 'चमत्कारिक' द्रव्याकडे आम्ही थोड्या संशयानें पाहतों, त्यास हा इतिहास कारण आहे.

मग आपल्या गाडीस कोणतें पेट्रोल घालावें ? उत्तर गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें, आणि तें पान मात्र कोणी उघडीत नाहीं. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटचें दाबाचें प्रमाण ६.५ ला १ इतकें कमी होतें. अशा गाडींत १०० ऑक्टेनाचें पेट्रोल ओतणें म्हणजे टपालाचें एक पत्र नेण्यास मालगाडी जोडणें होय. रोजच्या वापराच्या १०० ते १५० सी. सी. च्या बहुतेक गाड्यांचें प्रमाण ९ ते १० च्या दरम्यान असतें. त्यांस साधें पेट्रोल पुरून उरतें. ११ किंवा १२ च्या पुढें जाणाऱ्या शर्यती थाटाच्या गाड्यांचें मात्र पुस्तिका पाहूनच ठरवावें. यामाहाच्या आर-१५ च्या अलीकडच्या आवृत्तींचें प्रमाण ११.६ ला १ आहे. पुस्तिकेंत ९५ सांगितलें असेल तर ९५ च घालावें, तेथें काटकसर करूं नये. ९१ सांगितलें असेल तर वरचा खर्च व्यर्थ.

शिवाय एक गोष्ट अलीकडे बदलली आहे, ती पुष्कळांस ठाऊक नाहीं. सरकारनें २०२५ सालीं केलेल्या खुलाशाप्रमाणें २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलाचा आंकडा ९५ पर्यंत गेला आहे. म्हणजे ९५ साठीं जादा पैसे मोजणारा मनुष्य जें विकत घेतो, तें बहुधा साध्या नळांतूनहि येत असतें. महाग पेट्रोलांत अधिक मिळतें तें इंजिन स्वच्छ ठेवणारें द्रव्य.

इथेनॉलाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्यांत उष्णता कमी असल्यामुळें दर लिटरामागें अंतर थोडें कमी पडतें. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत, १० टक्के इथेनॉलास जुळविलेल्या दुचाकींस २० टक्क्यांच्या पेट्रोलावर ३ ते ४ टक्के घट येईल असा अंदाज दिला आहे. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या त्यानें फुगतात किंवा कडक होतात, म्हणून त्या वेळोवेळीं पाहून बदलाव्या. परंतु आमच्याकडे पावसाळ्यांत खरा उपद्रव होतो तो पाण्याचा. इथेनॉल पाण्याशीं सहज मिसळतें, आणि पाणी सांपडलें कीं तें पेट्रोलाची संगत सोडून पाण्याकडे जातें.

हें आमच्या प्रयोगशाळेंत डोळ्यांनीं पाहतां येईल. १०० मि. लि. च्या मापननळींत ९० मि. लि. पेट्रोल व १० मि. लि. पाणी घालून बूच लावून हालवावें व थोडा वेळ स्थिर ठेवावें. खालचा पाण्याचा थर १० मि. लि. चा न राहतां २५ मि. लि. च्या वर चढलेला दिसेल. वरून उतरून आलेलें तें इथेनॉल होय. हा प्रयोग शिक्षकांच्या देखतच करावा, जवळपास ज्योत असूं नये, आणि घरीं तर मुळींच करूं नये. टाकीच्या झांकणाची रबरी चकती फाटलेली असली तर आषाढांतील चार सरींत टाकींतहि असेंच घडतें. पाणी व इथेनॉल तळाशीं बसतें, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच निघते. गाडी प्रथम बंद पडते ती यामुळें. त्यांतून सुटून वरचें पेट्रोल इंजिनांत गेलें, तरी त्यांतील इथेनॉल निघून गेल्यामुळें त्याचा ऑक्टेन-आंकडा उतरलेला असतो आणि नॉकिंग सुरू होतें. पावसाळ्यांत गाडी बरेच दिवस उभी ठेवावयाची असेल, तर टाकी रिकामी न ठेवतां भरून ठेवावी, म्हणजे आंतील दमट हवेस जागा राहत नाहीं.

आतां बाटल्यांकडे वळूं. या औषधांच्या दोन जाती आहेत. एक जात इंजिन स्वच्छ करणारी. पेट्रोल जळतांना व्हॉल्व्हांवर आणि पेट्रोलाच्या बारीक फवाऱ्याच्या तोंडाशीं जी काजळी व चिकटा बसतो, तो हीं द्रव्यें सोडवितात. यांत तथ्य आहे. जुन्या गाडीस कांहीं हजार मैलांनंतर एकदा दिल्यास हरकत नाहीं, दर टाकीस देण्याचें कारण नाहीं. दुसरी जात ऑक्टेन वाढविण्याचें वचन देणारी. बाटलीवर 'तीस पॉइंट वाढ' असें ठळक लिहिलेलें आढळतें. परंतु पुष्कळदां एक पॉइंट म्हणजे आंकड्याचा दहावा भाग असतो, म्हणजे वाढ होते ती ९१ पासून ९४ पर्यंत. यांतील कांहींत लोखंडाचें फेरोसीन नांवाचें संयुग असतें. तें जळून प्लगवर तांबूस थर बसतो आणि ठिणगी बिघडते. टाकींत डांबराच्या गोळ्या टाकणारेहि गृहस्थ आम्हांस माहीत आहेत. त्या गोळ्यांचे कण पुढें जाऊन बारीक छिद्रांत अडकले तर मिस्त्रीचें बिल कितीतरी पटींनीं येईल. दोन धांवांच्या जुन्या राजदूत, येझदी वगैरे गाड्यांत पेट्रोलाबरोबर टू-टी तेल घालावें लागतें, पण तें वंगण आहे. चार धांवांच्या गाडींत त्याचें कांहीं काम नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रोज पहांटे घाट चढून पलीकडच्या गांवीं दुधाचे कॅन पोंचवितात. गाडी १०० सी. सी. ची, जुनी, पण संसार तिच्यावर चालतो. दोन उन्हाळ्यांपासून घाटांत ती खुळखुळूं लागली होती. त्यांनीं प्रथम महाग पेट्रोल घातलें, मग कोणी सांगितलें म्हणून बाटली घालूं लागले. आवाज थोडा उतरे व पुन्हां येई. आमच्या येथील विज्ञानाच्या गुरुजींनीं त्यांस एका वृद्ध मिस्त्रीकडे नेलें. मिस्त्रीनें इंजिनास हात न लावतां गाडी चढावर चालवून दाखवावयास सांगितली. दूधवाले दादा पेट्रोल वांचावें म्हणून सगळा चढ चौथ्या गियरांतच ओढीत होते. इंजिनाच्या फेऱ्या कमी, ओझें जड आणि थ्रॉटल पुरता उघडा. अशा वेळीं कोपऱ्यांतील मिश्रणास तापून पेटण्यास भरपूर अवधि मिळतो. मग हेड उतरविलें, तेव्हां आंत काजळीचा जाड थर निघाला. त्या थरानें सिलिंडरांतील जागा कमी होऊन दाबाचें प्रमाण नकळत वाढलें होतें. काजळी खरवडली, प्लग बदलला, आणि चढ लागतांच एक गियर खालीं घेण्याची संवय लाविली. तेव्हांपासून साध्या पेट्रोलावर गाडी गप्प आहे. दोन वर्षांत बाटल्यांवर काय गेलें तें दादांनीं आमच्यासमोर बोटांवर मोजावयास घेतलें, आणि मध्येंच मोजणें थांबविलें.

इतकें करूनहि आवाज राहिला तर शंका घ्यावी ती भेसळीची. रॉकेलाचा ऑक्टेन-आंकडा पेट्रोलाच्या मानानें फारच कमी आहे. थोडें मिसळलें तरी मिश्रणाची सोशिकता उतरते. महाग बाटली हा दोष झांकील, नाहींसा करणार नाहीं. हा धंदा किती भयंकर आहे याची साक्ष महाराष्ट्रानें पाहिली आहे. २५ जानेवारी २०११ रोजीं, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशीं, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनीं मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलाची चोरी व भेसळ चाललेली पाहून चौकशी आरंभिली असतां त्यांस भरदिवसा जिवंत जाळण्यांत आलें.

ग्राहकास या बाबतींत एक साधी परीक्षा करतां येते व ती करण्याचा त्यास हक्क आहे. पंपावर फिल्टर-कागद मागावा. नळाचें तोंड स्वच्छ पुसून पेट्रोलाचा एक थेंब त्यावर पाडावा व दोन मिनिटें थांबावें. शुद्ध पेट्रोल उडून जातें. पेट्रोलांत घातलेल्या रंगाची फिकट छटा तेवढी राहिली तर चिंता नाहीं. काळसर किंवा तेलकट डाग राहिला, तर पेट्रोलांत जड तेल मिसळलें आहे असें समजावें आणि पंपावरील तक्रारवहींत तसें लिहावें. पेट्रोलाची त्या दिवशींची घनता व पांच लिटरांचें प्रमाणित माप हीं दोन्ही मागितलीं असतां दाखवावीं लागतात. कागद मागतांना रांगेंतील मागचे लोक भोंगे वाजवितील, वाजवूं द्यावे.